पहिल्या तासाच्या आधी: शाळेच्या स्टाफला अपडेटची सूचना कशी लिहावी

सकाळचा पहिला तास, नववीचा वर्ग. मॅडमनी लॅपटॉप उघडला, प्रोजेक्टरची केबल जोडली आणि पडद्यावर गोल फिरणारे ठिपके आले. खाली अक्षरं: अपडेट सुरू आहे, २७ टक्के, संगणक बंद करू नका. मॅडमनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग खडू घेऊन फळ्यावर पेशीची आकृती काढायला सुरुवात केली. आकृती अर्धी झाली तेव्हा आकडा ४१ वर होता. त्यांनी फोन करून बोलावलं म्हणून मी वर्गाच्या दारात उभी होते, पण त्या क्षणी माझ्या हातात करण्यासारखं काहीच नव्हतं.

या अपडेटची सूचना मी तीन दिवस आधी सगळ्या शाळांना पाठवली होती. मॅडमनी ती उघडून वाचलीही होती. सूचनेत लिहिलं होतं, ‘गुणवत्ता अपडेटचे वितरण गुरुवारपासून टप्प्याटप्प्याने सुरू होईल, एंडपॉइंट्स आपोआप रीबूट होण्याची शक्यता आहे.’ एंडपॉइंट म्हणजे आपल्या दप्तरातला लॅपटॉप, हे जीवशास्त्राच्या शिक्षिकेला कुठून कळणार? सूचना गेली, पण निरोप पोचलाच नाही.

एका भागातल्या बऱ्याच शाळांचा तांत्रिक आधार मी सांभाळते. त्या दिवसापासून सूचना लिहिताना मी एकच गोष्ट डोळ्यांसमोर ठेवते: हे वाचणाऱ्याचा पुढचा तास दहा मिनिटांत सुरू होणार आहे. खाली जे लिहिते आहे, ते त्यातूनच आलं आहे. तुमच्याकडे हेच काम असेल तर उपयोगी पडेल.

आधी दोन कॅलेंडरं शेजारी ठेवा

मायक्रोसॉफ्टचे सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. ही पद्धत २००३ पासून चालत आली आहे, म्हणजे वर्षभराच्या बारा तारखा तुम्हाला आजच माहीत आहेत. क्रोमबुकच्या, म्हणजे गूगलच्या प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपच्या, प्रणालीची नवी आवृत्ती साधारण चार आठवड्यांनी येते. हे सगळं एका कागदावर लिहा. दुसऱ्या कागदावर शाळेचं वर्ष: परीक्षा, गुण भरण्याची शेवटची तारीख, पालकसभा, नवे प्रवेश. जिथे दोन्ही तारखा एकमेकींवर येतात तिथे पेनाने गोल करा. मी हे सुट्टीतच, शाळा सुरू होण्याच्या आधी करते आणि मुख्याध्यापकांना दाखवून घेते, कारण शेवटच्या क्षणी बदललेली परीक्षा त्यांनाच आधी कळते.

परीक्षेच्या आठवड्यात अपडेट आठ दिवस पुढे ढकलायला माझी हरकत नसते. पण ‘वार्षिक परीक्षा होऊ द्या, मग निकाल होऊ द्या, मग बघू’ याला मी ठाम नकार देते. २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचं खंडणीखोर सॉफ्टवेअर १२ मे रोजी जगभर पसरलं. ज्या फटीतून ते आत शिरलं ती बुजवणारा अपडेट १४ मार्चलाच आला होता. दोन महिने हातात होते आणि ज्यांनी ते घालवले त्यांचे संगणक अडकले. मुख्याध्यापक मुदतवाढ मागतात तेव्हा मी या दोन तारखा सांगते. त्यापुढे फारसा वाद होत नाही.

आणखी एक सेटिंग वेळीच लावा. विंडोजमध्ये ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’ म्हणजे कामाच्या वेळा ठरवता येतात. त्या वेळेत संगणक आपोआप रीस्टार्ट होत नाही, आणि ही वेळ १८ तासांपर्यंत देता येते. शाळेच्या वेळेच्या तासभर आधीपासून ते संध्याकाळपर्यंतची वेळ त्यात घाला. मात्र अपडेटला तुम्ही शेवटची मुदत लावली असेल तर ती संपल्यावर ही ढाल पुरत नाही. म्हणून मुदत कधीही सोमवारी सकाळी संपू देऊ नका.

सगळ्यांच्या आधी मोजक्या लोकांना

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीचा एक सदोष अपडेट एकाच वेळी सगळीकडे गेला आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. विमानतळांपासून दवाखान्यांपर्यंत लोक निळ्या पडद्यासमोर बसून राहिले. एवढ्या मोठ्या यंत्रणेचं असं होऊ शकतं, तर आपण तरी सगळ्या शाळांना एका रात्रीत अपडेट का द्यावा?

मी प्रत्येक शाळेतून दोन-तीन माणसं निवडते. इथे बहुतेकांची एक चूक होते: संगणकाची आवड असलेल्या सरांनाच निवडलं जातं. त्यांना अडचण आली तरी ते स्वतः सोडवतात आणि आपल्याला काही कळत नाही. त्यापेक्षा कार्यालयातल्या लिपिक बाईंना घ्या. त्यांच्याकडे सगळ्यात जुना प्रिंटर असतो, आणि अपडेटनंतर पहिल्यांदा रुसतो तो प्रिंटरच. ग्रंथपाल घ्या, कारण बारकोड स्कॅनर त्यांच्या टेबलावर असतो. एक शिक्षक असे घ्या जे रोज प्रोजेक्टर लावतात. या मंडळींना अपडेट तीन-चार दिवस आधी द्या आणि रोज एकदा स्वतः फोन करून विचारा. फॉर्म भरायला लावू नका.

याच दिवसांत सगळ्यात जुन्या लॅपटॉपवर अपडेटला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. सूचनेत लिहायची वेळ तीच. नव्या लॅपटॉपवर पाच मिनिटं लागली म्हणून ‘पाच मिनिटं’ लिहिलंत, तर जुना लॅपटॉप वापरणारी व्यक्ती सहाव्या मिनिटाला पॉवरचं बटण दाबून धरेल.

सूचना

वर दिलेली माझी जुनी सूचना आणि आता मी लिहिते ती, दोन्ही शेजारी ठेवून बघा. आताची अशी असते:

*विषय: बुधवारी घरी जाण्यापूर्वी लॅपटॉप रीस्टार्ट करा (२० मिनिटं)*

*नमस्कार. बुधवारी शेवटचा तास झाला की लॅपटॉप चार्जरला लावा आणि उघड्या फाइल सेव्ह करा. स्टार्टवर जाऊन पॉवरचं चिन्ह दाबा. तिथे ‘अपडेट अँड रीस्टार्ट’ दिसेल, ते निवडा. टक्केवारी दिसत असताना बटण दाबू नका, झाकण मिटू नका. लॉगिनचा पडदा परत आला की तुमचं काम झालं.*

*बुधवारी जमलं नाही तर गुरुवारी करा. तेही राहिलं, तर शुक्रवारी संध्याकाळी ५ नंतर लॅपटॉप स्वतःहून रीस्टार्ट होईल.*

*प्रिंटर चालेनासा झाला किंवा पडदा अर्ध्या तासाहून जास्त अडकला, तर मदत कक्षाला फोन करा. गुरुवारी आणि शुक्रवारी आम्ही पहिल्या तासाच्या अर्धा तास आधीपासून फोनवर आहोत.*

विषयाच्या ओळीतच काय करायचं, कधी आणि किती वेळ, हे तिन्ही आलं. फोनवर पुढचं काही उघडलं नाही तरी चालेल. ‘महत्त्वाची सूचना’, ‘तांत्रिक अपडेट क्र. १४’ असले विषय मी बंद केले. सगळंच महत्त्वाचं म्हटलं की लोक काहीच उघडत नाहीत.

पडद्यावर जे शब्द दिसतात तेच सूचनेत लिहा. पडद्यावर ‘अपडेट अँड रीस्टार्ट’ असताना तुम्ही ‘अद्ययावत करून पुनरारंभ करा’ लिहिलंत, तर माणूस तो शब्द पडद्यावर शोधत बसेल. आपली भाषा मलाही प्रिय आहे, पण बटणाचं नाव हे बटणाचंच नाव असतं.

रीस्टार्ट आणि शट डाउन यांतला फरक मात्र वर्षातून एकदा सविस्तर समजावून सांगा. खूप शिक्षक रोज झाकण मिटून घरी जातात. लॅपटॉप झोपतो, बंद होत नाही. काही जण शट डाउन करतात आणि त्यांना वाटतं, सगळं पुसून स्वच्छ झालं. पण ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर विंडोज आपला गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तोच पुन्हा उचलतं. सगळं खरोखर नव्याने सुरू होतं ते रीस्टार्टने. हे एकदा पटलं की ‘लॅपटॉप फार हळू झालाय’ या तक्रारीही कमी होतात. अपडेट वाट पाहत असेल तर पॉवरच्या चिन्हावर नारिंगी ठिपका येतो, तोही स्टाफरूममध्ये एकदा प्रत्यक्ष दाखवा. माझ्या दहा ओळींपेक्षा तो ठिपका जास्त काम करतो.

बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा, अपडेट असेल तर वेगळी काळजी घ्या. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, चालू असलेला लॅपटॉप त्यानंतर ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. वर्ग भरलेला असताना ४८ अंक फोनवरून सांगणं काय असतं ते मी केलेलं आहे. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमलं. बायोस अपडेटच्या आधी बिटलॉकर तात्पुरतं स्थगित करा आणि सगळ्या रिकव्हरी की मदत कक्षाला सापडतील अशा जागी नोंदलेल्या आहेत ना, ते तपासा.

पासवर्ड आणि लॉगिनच्या सूचना

इथे माझा एक नियम आहे आणि तो मी कधीही मोडत नाही: लॉगिनची लिंक सूचनेत द्यायची नाही. ‘तुमचा मेलबॉक्स भरला आहे, इथे क्लिक करून पासवर्ड टाका’ हे चोरांचं वाक्य आहे. आपणही तसंच लिहायला लागलो तर खरी सूचना कुठली आणि खोटी कुठली, हे शिक्षकांनी कशावरून ओळखायचं? आम्ही लिहितो, ‘नेहमीप्रमाणे शाळेच्या पोर्टलवर स्वतः जा आणि प्रोफाइल उघडा.’ प्रत्येक सूचनेच्या शेवटी एक ओळ असते: मदत कक्ष तुमचा पासवर्ड किंवा ओटीपी कधीही विचारत नाही. ही ओळ वर्षभर वाचून कंटाळा येईल, येऊ द्या. एका शाळेच्या कार्यालयात असा खोटा फोन आला तेव्हा तिथल्या बाईंनी ‘मदत कक्ष ओटीपी विचारत नाही’ एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला. मला ते कळलं तेव्हा खूप बरं वाटलं.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावत असाल तर ते थांबवा. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनेच २०१७ मध्ये सांगितलं की पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल तर ठरावीक काळाने बदलायला लावू नये. सक्तीने बदलायला लावलं की माणसं शेवटचा आकडा एकने वाढवतात आणि चिठ्ठी कीबोर्डखाली ठेवतात. त्यापेक्षा लांब पासवर्ड आणि दुसरी पायरी, म्हणजे फोनवरची परवानगी, यावर भर द्या. मायक्रोसॉफ्टच्या ऑथेंटिकेटर या अ‍ॅपमध्ये पडद्यावरचा दोन अंकी आकडा फोनवर टाकावा लागतो. तो का, हे सांगा: आपण लॉगिन करत नसताना फोनने परवानगी मागितली तर टाकायला आपल्यासमोर आकडाच नसतो, आणि तिथेच कळतं की दुसरं कुणी दार ठोठावतंय. वर्गात फोन न नेणाऱ्या शिक्षकांसाठी सिक्युरिटी कीची, म्हणजे लॉगिनसाठी वापरायच्या छोट्या उपकरणाची, सोय सूचना पाठवण्याआधी करून ठेवा.

आधार संपतो तेव्हा

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा बातमीने स्टाफमध्ये घबराट होते, म्हणून पहिल्याच ओळीत लिहा की लॅपटॉप बंद पडणार नाही. त्याला नवे सुरक्षा अपडेट मिळणार नाहीत. मग मुख्याध्यापकांना वेगळं पत्र द्या, कारण त्यांना निर्णय घ्यायचा असतो: किती लॅपटॉपवर विंडोज ११ चालेल, म्हणजे टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि चालणारा प्रोसेसर दोन्ही आहेत. किती बदलावे लागतील. आणि मधल्या काळासाठी वाढीव सुरक्षा अपडेट घ्यायचे का. शिक्षणसंस्थांसाठी ते दर यंत्रामागे पहिल्या वर्षी १, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर असे ठेवलेले आहेत. क्रोमबुकचं प्रत्येक मॉडेलचं शेवटचं वर्ष सेटिंगमध्येच दिसतं. ते आताच यादीत लिहून घ्या, खरेदीच्या अंदाजपत्रकात ते वेळेवर यायला हवं.

यंत्रणाच बंद पडली तर

ईमेल बंद असल्याची सूचना ईमेलने पाठवता येत नाही. सांगायला सोपं आहे, पण आधी तयारी नसेल तर त्या सकाळी नेमकं हेच विसरायला होतं. प्रत्येक शाळेतल्या दोन माणसांचे फोन कागदावर लिहून भिंतीला लावा. बदली शिक्षक, प्रयोगशाळा सहायक, शिपाई यांच्याकडे बहुतेकदा शाळेचा ईमेल नसतो. त्यांच्यासाठी स्टाफरूमच्या दारावर ठळक अक्षरांतला कागद हवाच.

पहिला निरोप दहा मिनिटांत द्या, बिघाडाचं कारण सापडलेलं नसलं तरी. ‘हजेरीची यंत्रणा उघडत नाही, आम्ही बघतो आहोत, पहिल्या तासाची हजेरी कागदावर घ्या, पुढचा निरोप साडेनऊला.’ आणि साडेनऊला निरोप द्याच, सांगायला नवं काही नसलं तरी. सुरू झाल्यावर ‘सुरू झालं’ एवढं कळवा आणि कागदावरची हजेरी कोण, कधीपर्यंत भरणार, तेही लिहा. हे राहिलं की दोघं जण तीच हजेरी भरतात.

आता सूचना गेल्यानंतरच्या सकाळी मी कार्यालयात बसत नाही. पहिल्या तासाच्या आधी कुठल्यातरी एका शाळेत जाते, वही घेऊन. कुठल्या वर्गात लॉगिनचा पडदा सरळ आला, कुठे अडकला, कुणी काय विचारलं, ते लिहून घेते. जो प्रश्न दोन जणांनी विचारला असेल, त्याचं उत्तर पुढच्या महिन्याच्या सूचनेत दुसऱ्या ओळीवर जातं.