कूलर चालू, तरी खोली दमट: माझा अनुभव

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, कूलरशिवाय निभत नाही. यंदा नवी खस टाकली, मोटार तपासली, तरी रात्री अंग चिकट. गादी ओलसर, डब्यातलं मीठसुद्धा पाझरलं. आई म्हणाली, "बाप्पा, लय उकडून राह्यलं!"

चूक माझीच होती. गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून मी समोरची खिडकी आणि झरोका दोन्ही बंद केले होते. एसीला ते चालतं, कूलरला नाही. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या खशीतून आत ढकलतो. तिला वाट नसली की हवा तुंबते, पंख्याचा जोर कमी पडतो आणि ओल वाढत जाते. हवा ओली झाली की घामही सुकत नाही.

समोरची खिडकी वीतभर उघडली. वर्तमानपत्राची पट्टी तिथे धरली, ती बाहेरच्या बाजूला फडफडली. अर्ध्या तासात चिकटपणा गेला. आता आईच्या खोलीची खिडकी उघडी ठेवून मधलं दारही उघडतो, म्हणजे हवा तिच्या खाटेवरून जाते. पावसाळी दमट दिवसांत मात्र याचा फारसा उपयोग होत नाही.