निकाल दुसऱ्याला पुन्हा काढता येत नाही? या चुका टाळा

सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगमधलं एखादं संशोधन पुन्हा करून पाहायचं म्हटलं की बहुतेकांना धास्ती वाटते ती संख्याशास्त्राची. घोळ मात्र बऱ्याचदा त्याच्या खूप आधी झालेला असतो.

२०१४ साली एफएसई या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या परिषदेत बैशाखी रे आणि सहकाऱ्यांचा एक पेपर आला. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरचे ७२९ प्रकल्प, १७ प्रोग्रामिंग भाषा आणि सगळ्यांच्या आवडीचा प्रश्न: कोणत्या भाषेत बग जास्त होतात? पेपर खूप गाजला. २०१९ मध्ये एमरी बर्गर, यान विटेक वगैरे मंडळींनी तेच विश्लेषण नव्याने केलं. मूळ पेपरात ११ भाषांचा बगशी ठळक संबंध दिसला होता, त्यातल्या चारच उरल्या आणि त्यांचाही परिणाम अगदी किरकोळ निघाला. मूळ लेखकांना हे मान्य नव्हतं, त्यांनी लेखी प्रत्युत्तरही दिलं. पण त्यांनी डेटा आणि आर या संख्याशास्त्राच्या भाषेतला कोड दिला होता म्हणून एवढी तपासणी होऊ शकली, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

या तपासणीत सापडलेल्या चुका एम.टेक.च्या कुठल्याही प्रोजेक्टमध्ये होऊ शकतात.

पहिली म्हणजे फाइलच्या एक्स्टेन्शनवर डोळे झाकून विश्वास. ‘.टीएस’ म्हणजे टाइपस्क्रिप्ट, असं धरलं गेलं. पण क्यूटी हे टूलकिट वापरणाऱ्या प्रकल्पांत भाषांतराच्या एक्सएमएल फायलींनाही हेच एक्स्टेन्शन असतं. त्यामुळे मेन्यूच्या भाषांतरातले बदल टाइपस्क्रिप्टच्या खात्यावर जमा झाले! उलट बाजूला, सी++ च्या ‘.सीसी’सारख्या फायली मोजणीतून सुटल्या आणि व्ही८ हे जावास्क्रिप्ट चालवणारं, पण सी++ मध्ये लिहिलेलं इंजिन टेस्टच्या फायलींमुळे जावास्क्रिप्टचा प्रकल्प ठरलं. हे पकडायला फार हुशारी लागत नाही. प्रत्येक भाषेची सगळ्यात जुनी कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद) काढून तारीख बघा. टाइपस्क्रिप्ट ऑक्टोबर २०१२ मध्ये जाहीर झाली. त्याआधीच्या कमिट दिसल्या की समजायचं, काहीतरी गडबड आहे. शिवाय प्रत्येक गटातल्या वीस-पंचवीस फायली स्वतः उघडून वाचा. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच कोणी करत नाही.

दुसरी चूक शोधशब्दांची. कमिटच्या संदेशात ‘फिक्स’, ‘बग’, ‘एरर’ असं काही आलं की ती दुरुस्ती, हा सर्रास वापरला जाणारा नियम. शब्दाची हद्द न बघता शोधलं तर ‘इनफिक्स’मध्येही ‘फिक्स’ सापडतं. बर्गर यांच्या चमूने नमुन्यादाखल कमिट माणसांकडून तपासून घेतल्या, तेव्हा दुरुस्ती म्हणून धरलेल्यांपैकी ३६ टक्के दुरुस्त्या नव्हत्याच. तेव्हा नमुना काढा, दोघांनी एकमेकांचं न बघता लेबल लावा, मतं किती जुळली ते कप्पा मूल्यासह (योगायोगाने जुळलेली मतं वजा करून काढलेलं माप) छापा आणि लेबलांची फाइलही सोबत द्या.

तिसरी, तेच ते पुन्हा मोजणं. बिटकॉइनच्या कोडवरून निघालेली डझनभर नाणी त्या डेटात स्वतंत्र प्रकल्प म्हणून होती, इतिहास मात्र बराचसा एकच. गिटहबवर हा प्रकार किती बोकाळलाय ते २०१७ च्या एका अभ्यासात दिसलं: ४२.८ कोटी फायलींपैकी वेगळ्या निघाल्या फक्त साडेआठ कोटी. कमिटचे आणि फायलींचे हॅश (मजकुरावरून काढलेली ओळखखूण) आधी ताडून बघा. डझनभर चाचण्या एकदम चालवत असाल तर पी-व्हॅल्यूची (निव्वळ योगायोगाने असा निकाल दिसण्याची शक्यता) दुरुस्तीही हवी, पण ते कुठल्याही पुस्तकात मिळेल.

आता पॅकेजचं, म्हणजे सोबत द्यायच्या डेटा आणि कोडचं. ‘डेटा मागितल्यास मिळेल’ या वाक्यावर माझा तरी विश्वास नाही. विद्यार्थी पास होऊन गेला की कॉलेजच्या सर्व्हरवरची लिंक मरते, आणि गिटहबची रेपॉझिटरी तिचा मालक कधीही डिलीट करू शकतो. झेनोडो या संशोधनाच्या ऑनलाइन संग्रहात टाका, डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) घ्या. अभ्यासलेल्या प्रत्येक प्रकल्पाचा कमिट हॅश, लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्या आणि रँडम सीड (यादृच्छिक आकडे ज्यावरून तयार होतात तो अंक) नोंदवा. डॉकर इमेजला (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेली फाइल) ‘लेटेस्ट’ टॅग लावलात तर वर्षभराने ती भलतंच काही खेचून आणेल. एआय मॉडेल वापरलं असेल तर त्याची नेमकी आवृत्ती, चालवल्याची तारीख, प्रॉम्प्ट आणि आलेली कच्ची उत्तरं सगळं जपून ठेवा. मार्च २०२३ मध्ये ओपनएआयने कोडेक्स हे कोड लिहिणारं तेव्हाचं मॉडेल बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा त्यावर प्रयोग बेतलेल्या संशोधकांची चांगलीच धावपळ झाली होती.

दुसऱ्याचं काम पुन्हा करताना आकडे जुळत नसतील तर शेवटच्या तक्त्यापासून मागे येऊ नका. किती प्रकल्प उतरवले, गाळणीनंतर किती उरले, किती कमिट, किती दुरुस्त्या, असं टप्प्याटप्प्याने मोजा आणि आकडा जिथे पहिल्यांदा फुटतो तिथेच थांबा. मग लेखकांना मेल करा, पण ‘कृपया कोड पाठवा’ एवढंच लिहू नका. ‘तिसऱ्या टप्प्यात तुमच्याकडे इतक्या ओळी, माझ्याकडे इतक्या, मर्ज कमिट (दोन शाखा जोडणाऱ्या) वगळल्या होत्या का?’ असं विचारलंत तर उत्तर यायची शक्यता कितीतरी जास्त.