गावात कौशल्यवर्ग सुरू करताय? या चुका टाळा

वर्ग सुरू होतो, पट भरतो, प्रमाणपत्रं वाटून फोटोही निघतात. पण वर्षभरानं बघावं तर त्यातली निम्मी पोरं घरीच असतात. असं का होतं?

सगळ्यात महागात पडते ती पाया न तपासण्याची चूक. मुलांच्या शिक्षणाची स्थिती तपासणाऱ्या २०२३ च्या ‘असर’ सर्वेक्षणात ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयोगटातल्या सुमारे २५ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूरही आपल्या भाषेत सलग वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एका अंकानं भागणं जमलं जेमतेम ४३ टक्क्यांना. अशा पोराला थेट वायरिंग शिकवलं, तर जोडणी त्याला येते; विजेचा लोड किती येईल ते काढणं, मोजमाप, अंदाजपत्रक इथं गाडी अडते आणि ठेकेदार त्याला कायम हेल्परच ठेवतो. म्हणून पहिल्याच दिवशी हातात टेप देऊन खोली मोजायला लावा, फरशी किती लागेल ते काढायला सांगा. अडला, तर गणिताचा वेगळा तास लावू नका (त्याला कुणी बसत नाही), त्याच कामातून शिकवा. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो असंच काम करत शिकण्यासाठी.

दुसरी चूक, शिक्षक मिळाला म्हणून ट्रेड (शिकवायचं काम) ठरवणं. आधी तालुक्यातली गॅरेजं, डेअऱ्या, कृषी सेवा केंद्रं फिरा आणि एवढंच विचारा: कोणत्या कामाला माणूस बाहेरून बोलवावा लागतो?

एमआयडीसीत गेलात तर नुसती ‘पोरांना चिकटवून घ्या’ अशी विनवणी करू नका. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ खाली ३० किंवा जास्त मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना त्याच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, विद्यावेतनासह. मात्र करार सरकारी पोर्टलवर नोंदवला का, ते स्वतः बघा. तोंडी ठरलेल्या वर्षाचं प्रमाणपत्र कुणी देत नाही.

हजेरी मध्येच घसरली, तर पोरांना बोल लावण्याआधी कॅलेंडर पाहा. जूनमध्ये पेरणी असते, ऊसतोडीची घरं दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. मुलीच गळत असतील, तर परतीची शेवटची एसटी किती वाजता सुटते ते विचारा आणि वर्ग तिच्या तासभर आधी सोडा.