लोडरच्या बकेटला टूथबार बसवताना वेल्डिंग करू नका, बोल्टच मारा

टूथबार म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढच्या लोडरच्या बकेटच्या धारेवर, म्हणजे पातीवर, चढवायची दात्यांची लोखंडी पट्टी. उकिरड्यातलं शेणखत भरायला साधी बकेट पुरते, पण पन्हाळ्याकडच्या जांभ्यात नायतर उन्हानं दगडागत झालेल्या काळ्या रानात ती नुसती वरनं घासत जाते आणि जास्त दाबलं की ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलायला लागतात. सगळा जोर पातीच्या अख्ख्या रुंदीवर पसरतो ना, दाते लावले की तोच जोर चार-सहा टोकांवर येतो, मग माती फुटते.

मी पहिल्यांदा दाते डायरेक्ट पातीला वेल्ड करून घेतले होते. एक दाता दगडाला अडकला आणि पातीचा तुकडा घेऊनच निघाला. पातीचं लोखंड कडक असतं, वेल्डिंगच्या उष्णतेनं जोडाजवळ ठिसूळ होतं. शिवाय मुरूम पसरून लेव्हल करायचा म्हटलं तर दाते काढताच येत नाहीत, चर पडतात रानात. म्हणून सांगतो, बोल्टनं काढता-घालता येणारा टूथबारच घ्या.

आधी माप. बकेटची आतली रुंदी पातीजवळ मोजा आणि थोडी मागंही मोजा, जुन्या बकेटच्या बाजू आत दबलेल्या असतात. पातीची जाडीपण घ्या. ही मापं दिली की कोल्हापूरच्या उद्यमनगरात फॅब्रिकेशनवाले बनवून देतात, फक्त रुंदी ३-४ मिमी कमी ठेवायला सांगा, नायतर बार आत जातच नाही.

बसवताना बकेट सपाट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद, हँडब्रेक, चावी खिशात. उचललेल्या बकेटखाली कुणीही जायचं नाही, हायड्रॉलिकवर भरवसा नको. पात घासून साफ करा, बार वर चढवा, लाकडाचा ठोकळा धरून हातोड्यानं मागं पूर्ण बसेपर्यंत ठोका आणि दोन्हीकडं क्लॅम्प लावा.

आता खरं काम भोकाचं, इथं घाई केली की बार कायम खडखडतो. बारच्या कानातनं, म्हणजे दोन्ही टोकांच्या भोकाच्या पट्टीतनं, बकेटच्या बाजूवर खूण करा, पण सेंटर पंच (भोकाआधी खळगा पाडायचा टोचा) त्या खुणेच्या १-२ मिमी मागं, बकेटच्या पाठीकडं मारा, म्हणजे बोल्ट आत जाताना बारला मागं ओढतो आणि तो पातीवर घट्ट बसतो. आधी ५-६ मिमीचं भोक, मग मोठं ड्रिल, स्पीड कमी, तेल सोडत राहा, जाड पत्र्यात कोरडं चालवलं तर ड्रिल जळतं. १६ मिमीचा बोल्ट असेल तर १७ मिमीचं भोक करा. ८.८ ग्रेडचेच बोल्ट घ्या, साधे वाकतात. मी डोकं बाहेर आणि नट आत ठेवतो, चर खणताना बाहेरचा नट कडेला घासून गोल होतो.

पहिल्या दोन-तीन तासांच्या कामानंतर पाना घेऊन परत आवळा, ढिले होतातच. आणि एकाच कोपऱ्यातल्या दात्यावर मोठा दगड उपटायला जाऊ नका, लोडरचे हात पिळवटतात. गावातनं जाताना बकेट मागं वळवून खाली ठेवा, दात्यांवर जुन्या टायरचा तुकडा बांधा, पोरं-जनावरं रस्त्यात असतात.