सर्वश्रेष्ठ बास्केटबॉलपटू कोण? वाद घालताना या चुका टाळा

एनबीए या अमेरिकन व्यावसायिक लीगमधला सर्वश्रेष्ठ कोण, मायकल जॉर्डन की लेब्रॉन जेम्स, हा विषय निघाला की पुढच्या दोन मिनिटांत कोण काय बोलणार हे मला आता तोंडपाठ झालंय. एक जण जॉर्डनसाठी म्हणणार "सहा पैकी सहा", म्हणजे सहा फायनल आणि सहाही जिंकलेल्या. दुसरा लेब्रॉनसाठी म्हणणार "40 हजार गुण". तिसरा फोन काढून क्लिप दाखवणार. चौथा म्हणणार, "त्या काळात डिफेन्सच नव्हता," आणि पाचवा म्हणणार, "आजच्या काळात डिफेन्सच नाही." तासाभराने सगळे जिथून निघाले तिथेच उभे असतात. वाद छान आहे, मला मनापासून आवडतो, म्हणूनच तो असा वाया गेलेला बघवत नाही.

नाव आधी, निकष नंतर

सगळ्या चुकांचं मूळ इथे आहे. माणूस आपला खेळाडू आधी ठरवतो आणि मग त्याला शोभेल असा निकष शोधत बसतो. जॉर्डनवाला विजेतेपदं मोजतो. जुन्या काळातल्या बिल रसेलची 11 समोर ठेवली की तो म्हणतो, काळ वेगळा होता. करीम अब्दुल-जब्बारचे सहा एमव्हीपी (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) दाखवले, जॉर्डनचे पाच आहेत, की तो "ऐन भरातला खेळ बघा" यावर येतो. लेब्रॉनवाल्यांचंही तेच. एकूण गुणांचा विक्रम आज त्यांचा हुकमी एक्का आहे, पण फेब्रुवारी 2023 पर्यंत तो विक्रम 38,387 गुणांसह करीमच्या नावावर होता. तेव्हा यांच्यातल्या एकानेही करीमचं नाव घेतल्याचं मी ऐकलं नाही.

माझी सवय साधी आहे. समोरच्याला आधी विचारतो: तू काय मोजतोयस? एका मालिकेसाठी कुणाला संघात घेशील ते, की अख्ख्या कारकिर्दीचं वजन, की संघाला जिंकवून देणं? हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी येऊ शकतात. एकाच मालिकेसाठी मी जॉर्डनला घेईन. 1987-88 मध्ये गुणांत पहिला, एमव्हीपी आणि सर्वोत्तम बचावपटू, तिन्ही त्याच हंगामात. कारकिर्दीसाठी लेब्रॉन, कारण 2003 मध्ये आलेला माणूस दोन दशकांनंतरही ऑल-स्टार (लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या) दर्जाचं खेळत राहिला. आणि जिंकण्यासाठी रसेल. सातव्या, निर्णायक सामन्यांत तो 10 वेळा उतरला आणि दहाही जिंकला. एकदा निकष ठरला की तो आपल्या लाडक्याला लावण्याआधी इतर तिघांना लावून बघा. तिथे टिकला तरच तो निकष.

रिंगा मोजणं

रिंग म्हणजे विजेत्या संघाच्या खेळाडूंना मिळणारी अंगठी, थोडक्यात विजेतेपद. ही चूक मला सर्वांत जास्त खुपते, म्हणून जरा सविस्तर.

आमचा सामने बघणारा एक गट आहे. त्यात नव्याने आलेला एक मुलगा, हुशार, पण घाईचा. एका प्लेऑफ (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांच्या) सामन्यात मध्यंतराला त्याने जाहीर केलं, "जॉर्डन सहापैकी सहा, लेब्रॉन दहापैकी चार. विषय संपला." मी विचारलं, "जॉर्डन प्लेऑफमध्ये कधी हरलाच नाही का?" तो म्हणाला, "फायनलमध्ये नाही." मग आम्ही एकेक वर्ष मांडत गेलो. 1985, 1986, 1987: पहिल्याच फेरीत बाद. 1988, 1989, 1990: तिन्ही वेळा डेट्रॉइट पिस्टन्सने घरी पाठवलं, 1990 मध्ये तर कॉन्फरन्स फायनलच्या (फायनलच्या आधीच्या फेरीच्या) सातव्या सामन्यात. 1995: ऑर्लँडोकडून दुसऱ्या फेरीत.

मी म्हटलं, "1990 चा तो सातवा सामना जॉर्डनच्या शिकागो बुल्सनी जिंकला असता आणि पुढे फायनल हरले असते, तर तुझ्या हिशेबाने जॉर्डन सहापैकी सहाचा सातपैकी सहा झाला असता. म्हणजे एक मालिका जास्त जिंकून तो लहान झाला असता?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "पण रिंगा तर सहाच ना." तेवढ्यात कुणीतरी रसेलची 11 काढली. मुलगा लगेच म्हणाला, "तेव्हा आठच संघ होते." बरोबर आहे, रसेल आला तेव्हा एनबीएत आठ संघ होते आणि तो निवृत्त झाला तोवर 14. पण हे म्हणताच त्याने स्वतःच मान्य केलं की नुसती रिंग मोजून चालत नाही, ती कशी आणि कुणाबरोबर जिंकली हे बघावं लागतं. मग हाच न्याय जॉर्डनला आणि लेब्रॉनलाही लावायला हवा. त्यावर दुसऱ्याने रॉबर्ट हॉरी काढला. तीन वेगवेगळ्या संघांकडून सात विजेतेपदं, म्हणजे जॉर्डनपेक्षा एक जास्त, आणि ऑल-स्टार एकदाही नाही. पुढे आवाज चढले. पडद्यावर चौथा क्वार्टर चालू होता, तीन गुणांचा फरक होता, आणि निम्मे लोक फोनमध्ये डोकं खुपसून हॉरीचे हंगाम शोधत होते. ज्या खेळासाठी जमलो होतो त्याचा शेवट कुणीच नीट पाहिला नाही. याचा मला अजूनही राग येतो.

पराभवही असेच आंधळेपणाने मोजले जातात. लेब्रॉनच्या फायनलमधल्या सहा पराभवांपैकी दोन शेजारी ठेवून बघा. 2011 मध्ये डॅलसविरुद्ध त्याने सरासरी 17.8 गुण केले. तो त्या मालिकेत खरोखर कमी पडला आणि हे त्याच्या खात्यात मोठ्या अक्षरांत लिहायलाच हवं. 2015 मध्ये केव्हिन लव्ह आधीच जखमी, कायरी अर्व्हिंग पहिल्याच सामन्यात जायबंदी, आणि लेब्रॉनची सरासरी 35.8 गुण, 13.3 रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं), 8.8 असिस्ट (गुण मिळवून देणारे पास). रिंगा मोजणाऱ्याच्या वहीत या दोन्हींची नोंद एकच: हार.

साथीदारांचा हिशेबही लोक याच घाईने लावतात. जॉर्डन गेल्यावर बुल्सनी 1993-94 मध्ये 55 सामने जिंकले, लेब्रॉन गेल्यावर त्याचं क्लीव्हलंड 61 विजयांवरून 19 वर आलं, हे आकडे खरे आहेत. पण बुल्समध्ये त्याच वर्षी टोनी कुकोच आणि स्टीव्ह कर आले होते, आणि क्लीव्हलंडमधून लेब्रॉनबरोबर प्रशिक्षक आणि इतर काही महत्त्वाचे खेळाडूही गेले होते. एवढं तरी बघा.

माझा उपाय म्हणाल तर रिंग हा शब्दच मी वादात येऊ देत नाही. त्याऐवजी मालिकेचं नाव घ्यायला लावतो: वर्ष सांग, प्रतिस्पर्धी सांग, त्याने काय केलं ते सांग. ज्याला हे सांगता येत नाही त्याने ती मालिका पाहिलेली नाही.

क्लिपा बघून मत बनवणं

नवशिक्यांचा हा आवडता आडमार्ग. दहा मिनिटांचा व्हिडिओ पाहिला, डंक पाहिले, शेवटच्या क्षणाचे शॉट पाहिले, झालं मत तयार. क्लिप फक्त चेंडू टोपलीत जातो तो क्षण दाखवते, आणि बास्केटबॉल बहुतांशी त्याच्या आधी घडतो.

20 एप्रिल 1986, बॉस्टन गार्डन. जॉर्डनच्या 63 गुणांची क्लिप सगळ्यांनी पाहिलेली असते. तो सामना बुल्स दुहेरी ओव्हरटाइममध्ये (जादा वेळेत) 135-131 असे हरले, हे ती क्लिप पाहिलेल्या किती जणांना माहीत असतं, विचारून बघा. 63 गुणांची थोरवी त्याने कमी होत नाही. पण समोरच्या बॉस्टन सेल्टिक्सनी त्याला एकट्याला ते करू दिलं आणि बाकी चौघांवर सामना कसा जिंकला, हे कळायला पूर्ण सामना बघावा लागतो.

1998 ची फायनल, सहावा सामना. युटाहच्या ब्रायन रसेलवरून (बिल रसेल नव्हे) जॉर्डनने मारलेला तो शेवटचा शॉट सगळ्यांना पाठ असतो. त्याच्या काही सेकंद आधीचा ताबा बघा. चेंडू युटाहच्या कार्ल मलोनकडे, लो पोस्टवर म्हणजे टोपलीजवळ, आणि जॉर्डन स्वतःच्या माणसाला सोडून मलोनच्या नजरेआडून येतो आणि चेंडू हिसकावतो. युटाहला तिथे एक गुण जरी मिळाला असता तर 87-86 चा तो निकाल वेगळा असता. माझ्या लेखी शॉटपेक्षा ती चोरी मोठी आहे, कारण तिथे त्याने समोरच्या संघाची चाल आधीच ओळखली होती.

लेब्रॉनच्या 2016 च्या फायनलमधल्या त्या ब्लॉकचंही (शॉट हवेत अडवणं) असंच. सातवा सामना, 89-89, दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ, प्रतिस्पर्धी आंद्रे इग्वोडाला लेअपसाठी (टोपलीजवळच्या सोप्या शॉटसाठी) उडतो आणि लेब्रॉन मागून येऊन चेंडू बोर्डावर चेपतो. हळू फिरवून बघा: इग्वोडालाच्या समोर लेब्रॉनचा साथीदार जे. आर. स्मिथ आलेला आहे, त्याला चुकवायला इग्वोडाला हवेत चेंडू खाली आणून पुन्हा वर नेतो, आणि लेब्रॉनला पोहोचायला लागणारा क्षण त्यातच मिळतो. हे दिसलं की लेब्रॉन लहान होत नाही, उलट अर्ध्या कोर्टावरून धावताना त्याला ती संधी कशी दिसली याचं नवल वाढतं.

मी काय करतो: एक पूर्ण सामना लावतो आणि एका क्वार्टरभर चेंडूकडे बघतच नाही. फक्त एका खेळाडूवर नजर. चेंडू नसताना तो कुठे उभा आहे, मदतीला कधी जातो, परत धावतो की चालतो. सुरुवातीला फार कंटाळा येतो. ज्याला तेवढाही धीर नाही त्याच्याशी मी या विषयावर बोलत नाही.

आकडे काळातून उपटून काढणं

विल्ट चेंबरलेनने 1961-62 च्या हंगामात सरासरी 50.4 गुण आणि 25.7 रिबाउंड घेतले. 2 मार्च 1962 रोजी हर्शीमध्ये एकाच सामन्यात 100. हे आकडे सांगून थांबू नका. त्या हंगामात संघ सामन्याला सरासरी शंभराहून जास्त शॉट मारत आणि त्यातले निम्म्याहून जास्त चुकत, म्हणून रिबाउंडही भरपूर. विल्ट सरासरी 48.5 मिनिटं खेळला. सामना 48 मिनिटांचा, वरचा वेळ ओव्हरटाइमचा. आणि एवढं करूनही त्या वर्षीचा एमव्हीपी रसेल होता. खेळाडूंनीच मतदान केलं होतं, त्यांना काय दिसलं असेल याचा विचार करा.

नियमांचंही अर्धंच सांगितलं जातं. 2004-05 पासून हाताने अडवण्यावर कडक बंदी आली, म्हणून आज जॉर्डनने वाटेल तेवढे गुण केले असते, असं म्हणतात. पण 2001-02 पासून झोन डिफेन्सला (एकेका खेळाडूऐवजी जागा राखण्याला) परवानगी मिळाली आणि एकट्याला मोकळी बाजू मिळवून देणं अवघड झालं, हे तेच लोक सांगत नाहीत. सांगायचं तर दोन्ही सांगा.

बाकीच्या, थोडक्यात

रसेलचे फायनल एमव्हीपी शून्य म्हणून त्याला खाली ढकलू नका. तो पुरस्कार 1969 मध्ये सुरू झाला, रसेलच्या शेवटच्या फायनलमध्ये, आणि तोही हरलेल्या जेरी वेस्टला मिळाला. आज त्या पुरस्काराला रसेलचंच नाव आहे.

ब्लॉक आणि स्टीलची (चेंडू हिसकावण्याची) अधिकृत नोंद 1973-74 पासून. रसेल आणि विल्ट यांच्या नावावर एकही अधिकृत ब्लॉक नाही, त्यामुळे ब्लॉकची तुलना करूच नका.

"त्याने तीन बड्या खेळाडूंचा संघ बनवला" हे लेब्रॉनविरुद्ध म्हणणाऱ्याने मॅजिक जॉन्सनबरोबर करीम होता आणि लॅरी बर्डबरोबर मॅकहेल आणि पॅरिश होते हेही सांगावं.

फोन उघडा ठेवून वाद घालू नका. आठवत नसेल तर तो मुद्दा सोडा.

आणि एनबीए म्हणजे अख्खं बास्केटबॉल नव्हे. डायना टॉरासीची सहा ऑलिंपिक सुवर्णं आणि डब्ल्यूएनबीए या महिलांच्या लीगमधले सर्वाधिक गुण या चर्चेत येतच नाहीत. आर्विदास साबोनिसची 1986 च्या ड्राफ्टमध्ये (एनबीए संघांकडून नव्या खेळाडूंची निवड) निवड झाली, पण तो एनबीएत आला 1995 मध्ये, दुखापतींनी पाय खराब झाल्यावर. त्याला तिथल्या आकड्यांनी मोजू नका. सोल 1988 ऑलिंपिकची उपांत्य फेरी लावा, सोव्हिएत संघाने अमेरिकेला 82-76 ने हरवलेली, आणि त्यातला साबोनिस बघा.