लिनोवर मित्राचं पोर्ट्रेट, आणि माझे अकरा दिवस

लिनो म्हणजे कोरून, शाई लावून छापा काढायचा लिनोलियमचा मऊ तुकडा. रोलर, शाई, लिनो कापायची हत्यारं यांची ओळख तुम्हाला आहे असं धरून चालतो. मी एकाच चुकीबद्दल लिहितोय.

मिरजेतला माझा मित्र चित्रकार आहे, पोटासाठी दुकानांचे बोर्ड रंगवतो. डावखुरा. मला तो ब्रशसकट हवा होता. छापा उलटा येतो हे मला पाठ होतं, म्हणून ट्रेसिंग पालथं करून सगळ्या रेषा मागून पुन्हा गिरवल्या. मग तीच गिरवलेली बाजू लिनोवर खाली ठेवून चमच्यानं घासली. म्हणजे दोनदा उलटं, म्हणजे सुलटं! लिनोवर मित्र हुबेहूब डावखुरा दिसत होता आणि मी खूश. तिथंच फसलो.

पहिली पेन्सिलची बाजूच खाली ठेवून घासा, बास. कार्बन लावत असाल तर ट्रेसिंग पालथं ठेवून गिरवा. कोरण्याआधी लिनो आरशासमोर धरा; आरशात माणूस बरोबर दिसला पाहिजे. सेल्फी कॅमेऱ्यावर विसंबू नका, तो कधी उलटं दाखवतो, कधी सुलटं.

प्रूफ, म्हणजे पहिला चाचणीचा छापा, मित्राला दाखवलं तर म्हणतो, "एकदम मीच!" म्हणणारच, त्यानं स्वतःला आयुष्यभर आरशातच बघितलंय. ज्याचं पोर्ट्रेट, त्याचं मत धरू नका. चहा घेऊन आलेल्या त्याच्या आईनं एका नजरेत विचारलं, "हा उजव्या हातानं कधीपास्नं रंगवायला लागला?"

चेहरा जमत नाही म्हणून मात्र रडू नका. फ्रेंच चित्रकार देगानं १८७९-८० च्या सुमारास धातूच्या प्लेटवरून काढलेल्या छाप्यात आपली सहकारी चित्रकार मेरी कसाट पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात पाठमोरी उभी दाखवली. छत्रीवर टेकलेल्या त्या अंगातच ती सगळी आहे. त्या प्लेटवर त्यानं फेरफार करत वीसहून जास्त अवस्था, म्हणजे दर बदलानंतरचे वेगळे छापे, काढल्या. धातूची प्लेट घासून सुधारता येते. लिनोतलं कापलं ते गेलं. आणि तुमच्या हातातलं हत्यार घेऊन स्वतःच "जरा नीट" करून देणारे सर भेटले तर लिनो उचला आणि निघा. मी निघालो नव्हतो, एक कान त्यांनी घालवला.

नवा तुकडा आणला. सांगलीच्या उन्हात पाच मिनिटं ठेवला की लोण्यासारखा कापला जातो. या वेळी ब्रश डाव्या हातात आला. तो छापा आईनं ठेवून घेतला. मित्राला अजून पहिलाच आवडतो.