यूजनेटसाठी न्यूजरीडर कसा निवडावा

‘न्यूजरीडर’ शोधायला गेलात की तीन निरनिराळ्या गोष्टी समोर येतात. बातम्यांच्या साइटची फीड दाखवणारे आरएसएस रीडर, मोठमोठ्या फाइली उतरवणारे सॅबएनझेडबीसारखे प्रोग्राम, आणि यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चाजाळ्याच्या गटांत वाचण्या-लिहिण्याचे साधन. इथे फक्त तिसऱ्याचा विचार केला आहे. दुसऱ्या प्रकारच्या प्रोग्रामात प्रतिसाद लिहायची सोयच नसते, त्यामुळे ‘यूजनेटसाठी सर्वोत्तम’ अशा याद्या वाचून तो बसवून घेऊ नका.

यूजनेटला एक मालक नाही आणि एक साइटही नाही. १९७९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांनी त्याची कल्पना मांडली. आजही तत्त्व तेच आहे: प्रत्येक सर्व्हर आपल्याकडचे लेखन शेजारच्या सर्व्हरला देतो, तो पुढच्याला. बरीच वर्षे लोक ब्राउझरमधून गूगल ग्रुप्सवर हे गट वाचत होते. २२ फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूजनेटचे नवे लेखन येणे आणि तिथून पोस्ट करणे बंद झाले; जुना साठा तेवढा वाचता येतो. म्हणजे आता स्वतःचा न्यूजरीडर आणि कुठल्यातरी सर्व्हरवरचे खाते, दोन्ही लागतात.

आधी सर्व्हर

प्रोग्राम निवडण्याआधी सर्व्हर ठरवा, कारण रीडरला काय काय जमले पाहिजे हे त्यावरून कळते. फक्त मजकुराच्या गटांसाठी इटर्नल सप्टेंबर हा सर्व्हर फुकट आहे, नोंदणी तेवढी करावी लागते. इंडिव्हिज्युअल डॉट नेट वर्षाला १० युरो घेतो. दोघांकडेही नाव आणि पासवर्ड लागतो. न्यूज सर्व्हरचा साधा पोर्ट (जोडणीचा क्रमांक) ११९ आणि टीएलएस संरक्षणासह, म्हणजे जोडणी कूटबद्ध करून, ५६३. ११९ वर टीएलएस न लावता जोडणी केली तर पासवर्ड उघडा जातो. म्हणून रीडरला ५६३ आणि आजच्या आवृत्तीचे टीएलएस जमत नसेल, तर तो कितीही देखणा असला तरी बाजूला ठेवा.

एक गोष्ट फार उशिरा लक्षात येते. ‘वाचले’ ही खूण सर्व्हरवर राहत नाही, ती तुमच्या मशीनवर राहते, आणि तीही लेखाच्या क्रमांकाने. हा क्रमांक प्रत्येक सर्व्हरचा वेगळा असतो. एका सर्व्हरवरचा ४५१२ क्रमांकाचा लेख दुसऱ्यावर ९८० असू शकतो. त्यामुळे सर्व्हर बदलून या खुणांची जुनी न्यूजआरसी फाइल तशीच वापरली, की न वाचलेले लेख वाचलेले दिसतात किंवा सगळा गट नव्याने समोर येतो. याच कारणाने फोन आणि लॅपटॉप यांच्या खुणा सर्व्हरवर राहणाऱ्या (आयमॅप) मेलसारख्या आपोआप जुळत नाहीत. वाचन कुठल्यातरी एकाच यंत्रावर ठेवायचे, हे आधीच ठरवून टाका.

पारख पोस्ट बाहेर कशी जाते यावरून

बहुतेक लोक रीडर निवडतात तो खिडकीची मांडणी बघून. ती तुम्हाला एकट्याला दिसते. तुमची पोस्ट मात्र गटातल्या सगळ्यांना दिसते, आणि एकदा गेली की परत घेता येत नाही; रद्द करण्याचा संदेश पाठवायची सोय आहे, पण पुष्कळ सर्व्हर तो पाळत नाहीत. म्हणून रीडरची पारख त्याने बाहेर पाठवलेल्या मजकुरावरून करा.

पहिली कसोटी: गटाला प्रतिसाद आणि लेखकाला खाजगी मेल यांची बटणे वेगळी आणि स्पष्ट आहेत का? मेलच्या सवयीने ‘रिप्लाय’ दाबले की कित्येक रीडर थेट लेखकाला मेल करतात. गटासाठीच्या बटणाचे नाव ‘फॉलोअप’.

दुसरी: धागा, म्हणजे लेख आणि त्याच्या प्रतिसादांची साखळी, तुटतो का? प्रत्येक लेखाला मेसेज-आयडी असतो, आणि प्रतिसादाच्या ‘रेफरन्सेस’ या ओळीत आधीच्या लेखांचे आयडी ओळीने येतात. रीडरने ही ओळ गाळली, तर तुमचे उत्तर दुसऱ्यांच्या पडद्यावर नव्या, तुटक धाग्यासारखे दिसते. विषय बदलला तरी ही ओळ राहिली पाहिजे.

तिसरी, अवतरण. आधीच्या मजकुराच्या प्रत्येक ओळीपुढे > हे चिन्ह, वर ‘अमुक यांनी लिहिले’ अशी एक ओळ, आणि तुमचे उत्तर त्याखाली. ज्या वाक्याला उत्तर द्यायचे तेवढेच ठेवून बाकीचे काढून टाकायचे. अख्खी पोस्ट खाली लोंबकळत ठेवून वर दोन शब्द लिहिणे यूजनेटवर अजूनही उद्धटपणाचे मानतात. सहीच्या आधी दोन आडव्या रेघा आणि त्यांच्यानंतर एक स्पेस लागते. ती स्पेस असेल तरच समोरचा रीडर प्रतिसाद देताना सही आपोआप छाटतो. काही एडिटर ओळीच्या शेवटची स्पेस परस्पर पुसतात, तेही तपासा. सही चार ओळींपेक्षा मोठी नको.

या अपेक्षा नव्या नाहीत. ‘गुड नेटकीपिंग सील ऑफ ॲप्रूव्हल’ या नावाने न्यूजरीडरसाठी त्यांची यादीच १९९०च्या दशकात तयार झाली. आजही एखादा अनोळखी रीडर तपासायला ती पुरते.

देवनागरी लिहायचे असेल तर

नव्वदच्या दशकात भारतीय भाषांच्या गटांत मराठी रोमन लिपीत किंवा आयट्रान्सच्या लिप्यंतरात लिहिले जाई, कारण सात बिटांपलीकडचे, म्हणजे साध्या रोमनबाहेरचे, अक्षर धड पोचेल याची खात्री नव्हती. आता सगळ्या लिप्या साठवणारी यूटीएफ-८ पद्धत सगळीकडे चालते, तरी हिशेब माहीत हवा.

यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, काना-वेलांटीसुद्धा. ‘मराठी’ या शब्दात ५ चिन्हे, म्हणजे १५ बाइट. मजकुराची एक ओळ ९९८ बाइटपेक्षा लांब नसावी असा नियम आहे. इंग्रजी परिच्छेद त्यात आरामात बसतो. देवनागरी मात्र सलग ३३२ चिन्हांतच ती मर्यादा गाठते. ओळ न तोडणारा रीडर असेल तर लांब परिच्छेदाची पोस्ट सर्व्हर नाकारू शकतो. उलट बाजूने, काही जुने रीडर ७२ ‘अक्षरांवर’ ओळ तोडतात, पण मोजतात बाइट. मग तुमची प्रत्येक ओळ २४ चिन्हांत संपते आणि पोस्ट कवितेसारखी दिसते.

मजकूर कुठल्या एन्कोडिंगने जातो तेही बघा. ‘८ बिट’ सर्वांत बरे. ‘कोटेड-प्रिंटेबल’मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाची ९ रोमन अक्षरे होतात, ‘बेस६४’ने आकार एक-तृतीयांशाने वाढतो. आधुनिक रीडर हे दोन्ही उलगडतात. जुन्या टर्मिनलवर वाचणाऱ्याला मात्र नुसता कचरा दिसतो. विषयाची ओळ कायम एन्कोड होऊनच जावी. तिचा एक तुकडा ७५ अक्षरांपर्यंतच असू शकतो आणि बेस६४मध्ये त्यात १५ देवनागरी चिन्हे मावतात. लांब विषयाचे अनेक तुकडे होतात, आणि कच्चा रीडर एखाद्या अक्षराच्या मधोमध कापतो. विषयाच्या मध्यात काळा चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसले तर दोष हाच.

मराठीची एक खास चाचणी आहे. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन शब्द एकाच ओळीत लिहून पाठवा. अर्ध्या र साठी काही कीबोर्ड न दिसणारे एक जोडचिन्ह घालतात. रीडरने ते गाळले की डोंगरदऱ्यांचा समुद्र होतो. सोबत ‘ॲप’ही लिहा. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्याआधीच्या फॉन्टमध्ये तिथे रिकामी चौकट दिसते.

ही पोस्ट चर्चेच्या गटात टाकू नका. मिस्क.टेस्ट किंवा आल्ट.टेस्ट हे गट चाचणीसाठीच आहेत. पोस्ट दिसू लागली की तिचा कच्चा स्रोत उघडा (थंडरबर्डमध्ये कंट्रोल आणि यू) आणि वरच्या ओळींत चार गोष्टी पाहा: कंटेंट-टाइपमध्ये यूटीएफ-८, त्याच ओळीत एचटीएमएलचा (वेबपानासारख्या सजवलेल्या मजकुराचा) मागमूस नाही, ट्रान्स्फर-एन्कोडिंग ८ बिट, आणि तारखेत +०५३० किंवा तुम्ही असाल तिथली वेळ.

चाळणी

गटांना नियंत्रक क्वचितच असतो, म्हणून कचरा गाळायचे काम तुमचे. सर्व्हर यादी देताना प्रत्येक लेखाचा विषय, लेखक, तारीख, मेसेज-आयडी, रेफरन्सेस, आकार आणि ओळींची संख्या एवढेच पाठवतो. बहुतेक चाळण्या यावरच चालतात. मजकुरातला शब्द बघून गाळायचे तर प्रत्येक लेख आधी उतरवावा लागतो, ते संथ पडते.

साधी किलफाइल, म्हणजे नकोशा लेखांच्या नियमांची यादी, ‘हवे’ किंवा ‘नको’ एवढेच जाणते. गुणांची पद्धत त्यापेक्षा फार उपयोगी: ठरावीक लेखकाला अधिक गुण, अनेक गटांत एकदम टाकलेल्या पोस्टला वजा गुण, आणि शून्याखालचे लपवायचे. रोज दोन-तीनपेक्षा जास्त गट वाचणार असाल, तर गुणांची सोय नसलेला रीडर घेऊ नका.

कोणाला कुठला

मेलसाठी थंडरबर्ड आधीच वापरत असाल तर सुरुवात त्यातच करा. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतो, देवनागरी नीट दाखवतो, नको तो धागा ‘के’ ही कळ दाबून दुर्लक्षित करता येतो. गुणांची पद्धत नाही, हीच त्याची मोठी उणीव.

लिनक्सवर फक्त गट वाचायचे असतील तर पॅन. त्यात −९९९९ ते ९९९९ गुण देता येतात. शिवाय पाठवण्याआधी तो टोकतो: अवतरणच जास्त झाले आहे, उत्तर वर लिहिले आहे, सही लांब आहे. नवख्याला याहून चांगला शिक्षक मिळायचा नाही. क्लॉज मेल हा मधला पर्याय. तो एचटीएमएल लिहूच शकत नाही, त्यामुळे एक चूक मुळातच टळते.

टर्मिनलवर एसएलआरएन आणि टिन वेगवान आहेत, आणि एसएलआरएनची गुणांची फाइल फार ताकदीची आहे. पण टर्मिनलच्या चौकटीत जोडाक्षरे आणि मात्रा अनेकदा विस्कटतात. इंग्रजी गटांसाठी उत्तम, मराठी वाचनासाठी नव्हे. ईमॅक्स हा एडिटर येत असेल तर त्यातला ग्नस; तुम्ही काय वाचता त्यावरून तो आपणहून गुण बदलू शकतो. ईमॅक्स येत नसेल तर केवळ यासाठी शिकू नका.

विंडोजवरचे ४०ट्यूड डायलॉग, एक्सन्यूज वगैरे जुने रीडर अजून नावाजले जातात. त्यांचा विकास कधीच थांबला. आजच्या टीएलएससाठी मध्ये स्टनेलसारखा प्रोग्राम लावावा लागतो. नव्याने सुरू करणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

थंडरबर्डमध्ये मांडणी

नवे खाते जोडताना मेल नव्हे, न्यूजग्रुप निवडा. नाव द्या. ईमेलच्या जागी खरा पत्ता दिलात तर तो सगळ्या जगाला दिसेल. शेवटी ‘डॉट इन्व्हॅलिड’ असलेला पत्ता चालतो, हे टोक कुणालाच नोंदवता येत नाही. दुसऱ्या कुणाचे खरे डोमेन मात्र बनावट म्हणून वापरू नका, त्याच्याकडे कचरा जातो.

खाते तयार झाल्यावर सर्व्हर सेटिंगमध्ये जा. पोर्ट ११९ दिसेल. आधी सुरक्षा एसएसएल/टीएलएस करा, मग पोर्ट ५६३ आहे ना ते बघा. ‘नेहमी ओळख मागा’ या अर्थाची खूण चालू करा. ती लावायची राहिली तर काही सर्व्हर थोडेच गट दाखवतात आणि यादी अपुरी वाटते. लेखनाच्या सेटिंगमध्ये एचटीएमएल बंद, उत्तर अवतरणाखाली. मग गटांची यादी मागवा. ती लांब असते, ‘मराठी’ हे रोमन अक्षरांत शोधलेत की सॉक.कल्चर.इंडियन.मराठीसारखे नाव सापडेल. सदस्य होण्याआधी ताज्या लेखांच्या तारखा पाहा. काही गट नुसते नावापुरते उरले आहेत.

गट पहिल्यांदा उघडताना ५००पेक्षा जास्त लेख असतील तर थंडरबर्ड विचारतो. ५००च उतरवा, बाकीचे वाचलेले धरा.

अडले तर आकडा वाचा

सर्व्हर प्रत्येक उत्तरापुढे तीन अंकी आकडा देतो. जोडणीच्या वेळी २०० म्हणजे पोस्ट करता येईल, २०१ म्हणजे फक्त वाचता येईल. ४८० आला तर नाव-पासवर्ड मागितला जात आहे आणि रीडर तो देत नाही. ४८१ म्हणजे दिलेला चुकीचा आहे. ४११: असा गट या सर्व्हरवर नाही. ४३० किंवा ४२३: लेख जुना होऊन निघून गेला, यादीतली नोंद तेवढी उरली. ४४० म्हणजे तुम्हाला पोस्टची परवानगीच नाही.

४४१ म्हणजे पोस्ट नाकारली, आणि कारण त्याच्या पुढच्या शब्दांत असते. काही रीडर ते शब्द गिळून नुसते ‘पाठवता आले नाही’ म्हणतात. नेहमीची कारणे: स्वतःच्या मजकुरापेक्षा अवतरण जास्त, एकदम फार गटांना पोस्ट, फार लांब ओळ, पत्त्याची चुकीची रचना, किंवा मशीनचे घड्याळ एखादा दिवस पुढे. पोस्ट गेली पण दिसत नाही असे झाले तर लगेच पुन्हा पाठवू नका. गट ताजा करा, स्वतःची चाळणी तपासा. आपल्याच पोस्टला वजा गुण देणारा नियम लिहून ठेवणारे पुष्कळ असतात.